बेस वाढवला की अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जातो? अ‍ॅम्प बदलण्याआधी ओहम मोजा

आधी लक्षणं

गाडीत वेगळा अ‍ॅम्प (स्पीकरसाठी सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि सबवूफर (फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर, थोडक्यात सब) बसवलाय. आवाज बेताचा असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. आवाज वाढवला आणि गाण्यात बेसचा जोरदार ठोका आला की सबवूफर एकदम गप्प होतो. अ‍ॅम्पवरचा हिरवा दिवा जाऊन लाल लागतो, म्हणजे तो प्रोटेक्टमध्ये गेला, स्वतःला वाचवायला बंद झाला. डेक, म्हणजे गाडीचा स्टिरिओ, बंद करून पुन्हा लावला की थोडा वेळ वाजतं, पुढच्या मोठ्या ठोक्याला परत तेच. सर्वांत जास्त वेळा दिसणारं लक्षण हेच, आणि याचं मूळ बहुतेक वेळा ओहममध्ये, म्हणजे स्पीकरच्या विजेला होणाऱ्या रोधात, असतं.

दुसऱ्या प्रकारात अर्धा-पाऊण तास छान वाजतं आणि मग बंद पडतं. अ‍ॅम्पला हात लावला तर चटका बसतो. तो थंड झाला की काही न करता पुन्हा सुरू होतो. म्हणजे अ‍ॅम्प उष्णतेमुळे स्वतःला वाचवतोय. इथे ओहम कमी असू शकतो, गेन (डेकचा सिग्नल अ‍ॅम्पशी जुळवायचं बटण) जास्त असू शकतो किंवा अ‍ॅम्पभोवती हवाच खेळत नसेल.

ठोक्यागणिक हेडलाइट आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील तर वीजपुरवठा तोकडा पडतोय. अ‍ॅम्प बंद पडत नाही, दिवेही मंदावत नाहीत, पण बेस पोकळ आहे आणि सब कितीही वाढवला तरी भरीवपणा येत नाही, अशा वेळी बहुधा प्लस-मायनसची उलटापालट झालेली असते. आणि आवाज फाटतोय, घोगरा येतोय किंवा जळका वास आलाय, तर तिथल्या तिथे वाजवणं थांबवा. कॉइलवरचा, म्हणजे स्पीकरमधल्या तारेच्या वेटोळ्यावरचा, वार्निश जळतो तेव्हा बहुधा तो वास येतो, आणि त्यानंतर वाजवलेलं प्रत्येक गाणं सबचं आयुष्य कमी करतं.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी हा वेगळा विषय आहे. ती अर्थिंगमुळे किंवा आरसीए केबल (डेकचा सिग्नल अ‍ॅम्पला नेणारी) पॉवरच्या केबलला खेटून नेल्यामुळे येते. अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या जुळणीशी तिचा संबंध नाही, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो.

हे सगळं इतकं सविस्तर लिहायचं कारण असं, की अशा बहुतेक गाड्यांमध्ये अ‍ॅम्प ठणठणीत असतो आणि सबही ठणठणीत असतो. बिघडलेली असते ती त्यांची जोडी. लोक अ‍ॅम्प बदलतात, नवा अ‍ॅम्पही त्याच वायरींना जोडतात, आणि तोही तसाच बंद पडतो. मग आणखी मोठा अ‍ॅम्प येतो. एक साधा मल्टिमीटर हाताशी असता तर हा सगळा खर्च वाचला असता.

तर मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर, दीड व्होल्टचा एक साधा सेल आणि आकडे लिहायला कागद एवढं घेऊन बसा. वायर सोडण्या-जोडण्याचं काम करताना बॅटरीचा मायनस काढून ठेवा. काही डेकला बॅटरी काढल्यावर कोड मागायची सवय असते. तो कोड आधी शोधून ठेवा.

एकही वायर न सोडता होणारी तपासणी

पहिल्यांदा बेस बूस्ट शून्यावर आणा. अ‍ॅम्पवरचं बटण, डेकमधला इक्वलायझर, लाउडनेस, सबची पातळी, सगळं सपाट करा. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण आकडा बघा: १२ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ १६ पट वीज. बूस्ट बहुधा ४५ हर्ट्‌झच्या आसपास असतो, म्हणजे नेमका ठोका जिथे बसतो तिथेच. ज्या ठोक्याला अ‍ॅम्पला २० वॅट पुरले असते तिथे तुम्ही ३०० मागताय. बरेचदा एवढ्यानेच बंद पडणं थांबतं.

मग क्रॉसओव्हर, म्हणजे कोणत्या स्पीकरला कुठल्या फ्रिक्वेन्सी द्यायच्या ते ठरवणारा फिल्टर. लो-पास ठरवलेल्या आकड्याखालच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देतो, हाय-पास वरच्या. सबच्या चॅनलला (अ‍ॅम्पच्या एका स्वतंत्र आउटपुटला) लो-पास ८० हर्ट्‌झच्या आसपास आणि दारांतल्या स्पीकरना हाय-पास तेवढ्यावरच ठेवा. दारातल्या सहा इंची स्पीकरला ४० हर्ट्‌झचा बेस वाजवायला लावलं तर त्याचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) जास्तीत जास्त हलतो, आवाज मात्र जेमतेम येतो, आणि अ‍ॅम्पची ताकद त्यातच खर्च होते. सब पोर्टेड, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या, पेटीत असेल तर सबसॉनिक फिल्टरही (फार खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) चालू हवा, पेटीच्या ट्यूनिंगपेक्षा (ती ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेली आहे त्यापेक्षा) थोडा खाली. ट्यूनिंगच्या खाली गेल्यावर पेटीतली हवा कोनला धरून ठेवत नाही आणि तो सैरभैर हलतो.

आता डिकी उघडून नीट बघा. अ‍ॅम्प कार्पेटखाली दाबलाय का, सामानाखाली गेलाय का, उलटा टांगलाय का? पंख्यासारख्या कडा असलेलं त्याचं अंग म्हणजे हीटसिंक. त्याच्याभोवती चारही बाजूंनी मोकळी जागा हवी. सबच्या पेटीवर अ‍ॅम्प स्क्रूने बसवायची पद्धत मला अजिबात पटत नाही. सतत हादरे बसून आतले सोल्डर आणि बाहेरचे टर्मिनल दोन्ही ढिले होतात. टर्मिनलमधून तांब्याची एखादी बारीक तार बाहेर येऊन शेजारच्या टर्मिनलला टेकली आहे का, हेही याच वेळी बघून घ्या. अशी एकच तार पूर्ण अ‍ॅम्प बंद पाडते.

लेबलावरचे खरे आकडे

कागदावर तीन गोष्टी लिहा: अ‍ॅम्पचं प्रत्येक चॅनलचं आरएमएस वॅट आणि ते किती ओहमला आहे, चॅनल स्वतंत्र असताना कमीत कमी किती ओहम चालतो, आणि ब्रिज केल्यावर, म्हणजे दोन चॅनल जोडून एकच सब चालवल्यावर, कमीत कमी किती ओहम चालतो. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बघायचा राहून जातो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं मॅक्स किंवा पीक वॅट पूर्ण विसरा. आरएमएस म्हणजे सलग देता येणारी ताकद. अमेरिकेतल्या उद्योगसंघटनेचं एक मानक आहे, सीईए-२००६, आता त्याला सीटीए-२००६ म्हणतात. त्यात १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर आणि १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती न येता मिळणारी ताकद मोजतात. अ‍ॅम्पवर हे मानक छापलेलं असेल तर आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

नसेल तर फ्यूज बघा. अ‍ॅम्पवर ३० अ‍ॅम्पिअरचा एकच फ्यूज आहे आणि खोक्यावर २००० वॅट लिहिलंय असं समजू. १३.८ व्होल्टला ३० अ‍ॅम्पिअर म्हणजे आत जाणारी वीजच सुमारे ४१४ वॅट. क्लास डी अ‍ॅम्प (क्लास म्हणजे आतल्या रचनेचा प्रकार) त्यातली साधारण ८० टक्के बाहेर देतो, म्हणजे ३३० वॅट. क्लास एबी असेल तर निम्म्याच्या आसपास. दोन हजार कुठून येणार? या हिशेबाने येणारा आकडा कागदावर लिहा आणि पुढची सगळी जुळणी त्याच आकड्यावर करा.

ओहम मोजणं, म्हणजेच या सगळ्याचा गाभा

अ‍ॅम्प ठरावीक व्होल्ट देतो. समोरचा ओहम जितका कमी, तितका करंट जास्त. समजा २० व्होल्ट निघताहेत. ४ ओहमच्या सबमधून ५ अ‍ॅम्पिअर जातील आणि १०० वॅट होतील. २ ओहमला १० अ‍ॅम्पिअर, २०० वॅट. १ ओहमला २० अ‍ॅम्पिअर, ४०० वॅट. ऐकायला चांगलं वाटतं, पण हा सगळा करंट अ‍ॅम्पच्या आउटपुट ट्रान्झिस्टरमधून जातो. ते जेवढ्यासाठी बनवलेत त्यापलीकडे गेलं की प्रोटेक्शन मध्ये पडतं. ते मध्ये पडलं नाही तर ट्रान्झिस्टर जळतात. म्हणून प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो तेव्हा अ‍ॅम्प आपलं काम चोख करत असतो.

मोजायचं कसं? बॅटरीचा मायनस काढलेला आहे. अ‍ॅम्पवरून सबच्या दोन्ही वायर सोडवा. मोजमाप सबपाशी न करता अ‍ॅम्पच्या बाजूच्या टोकांवर करा, म्हणजे मधली वायर, पेटीचं टर्मिनल आणि आतली जोडणी हे सगळं त्यात येतं. मल्टिमीटर सर्वांत खालच्या ओहमच्या रेंजवर लावा. आधी त्याच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवा. जो काही ०.२, ०.३ आकडा येईल तो नंतर वजा करा. सबला धक्का लागू देऊ नका, कोन हलला की कॉइलमध्ये वीज तयार होते आणि आकडा नाचतो.

मीटरवर येणारा आकडा लेबलापेक्षा थोडा कमी असतो. ४ ओहमची कॉइल साधारण ३.२ ते ३.८ दाखवते, २ ओहमची १.६ ते १.९. यात बिघाड काही नाही. मीटर डीसी रोध मोजतो आणि लेबलावरचा आकडा गाणं वाजतानाच्या एसी रोधासाठी असतो. गाणं वाजताना हा रोध फ्रिक्वेन्सीप्रमाणे सतत वर-खाली होतो. काही ठिकाणी तो बराच चढतो, म्हणून काहीजण सांगतात की अ‍ॅम्पच्या मर्यादेच्या खाली जोडलं तरी चालतं. हा सल्ला मानू नका. सगळ्या फ्रिक्वेन्सींना तो चढत नाही, आणि जिथे चढत नाही तिथेच अ‍ॅम्प मरतो.

आता डबल कॉइलचे, म्हणजे एकाच कोनवर दोन कॉइल असलेले, सब. इथे सर्वांत जास्त घोळ होतात. ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या, म्हणजे दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र, तर २ ओहम होतात. सीरिजमध्ये, म्हणजे एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला, तर ८. कॉइल २ ओहमच्या असतील तर पॅरलल १ आणि सीरिज ४. असे दोन सब असतील तर: ४ ओहमच्या चारही कॉइल पॅरलल केल्या तर १ ओहम, प्रत्येक सबच्या कॉइल सीरिजमध्ये घेऊन मग दोन्ही सब पॅरलल केले तर ४. २ ओहमच्या चारही कॉइल पॅरलल केल्या तर अर्धा ओहम, आणि अर्ध्या ओहमवर सुरक्षित चालणारे अ‍ॅम्प फार थोडे. त्याच कॉइल सबमध्ये सीरिज आणि बाहेर पॅरलल केल्या तर २.

यात ब्रिजिंग मिसळलं की गफलत नक्की होते. ब्रिज केल्यावर दोन चॅनल मिळून एक सब चालवतात आणि प्रत्येक चॅनलला सबचा निम्माच ओहम दिसतो. सबचा ४ ओहम असेल तर प्रत्येक चॅनल २ ओहमवर काम करतो. म्हणून स्वतंत्र चॅनलला २ ओहम चालणाऱ्या अ‍ॅम्पवर ब्रिजसाठी किमान ४ ओहम लिहिलेलं असतं.

मला सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक आता तुमच्याही लक्षात येईल. चार चॅनलचा अ‍ॅम्प, पुढचे दोन चॅनल दारांना, मागचे दोन ब्रिज करून सबला. सब ४ ओहम डबल कॉइलचा आणि कॉइल पॅरलल, कारण "जास्त वॅट मिळतात" असं कोणीतरी सांगितलेलं असतं. सबचा ओहम झाला २, प्रत्येक चॅनलला दिसतो १. हळू आवाजात चालतं, मोठ्या ठोक्याला बंद. अ‍ॅम्प बदला, दुसराही बंद पडेल.

उपाय सांगतो. ताबडतोब आणि फुकटचा म्हणजे कॉइल सीरिजमध्ये घेऊन ८ ओहम करणे. अ‍ॅम्प निवांत चालेल, ४ ओहमच्या तुलनेत ताकद साधारण निम्मी मिळेल. निम्मी म्हटल्यावर लोक बिचकतात, पण निम्मे वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी. कानाला तो फरक जाणवतो, मात्र थोडाच. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. त्यामुळे एक पायरी वरचा ओहम घेऊन फार काही गमावलं जात नाही. दुसरा उपाय म्हणजे याच अ‍ॅम्पसाठी २ ओहम डबल कॉइलचा सब घेऊन सीरिजमध्ये ४ करणे. तिसरा, सबसाठी वेगळा मोनो (एकाच चॅनलचा) अ‍ॅम्प, जो २ किंवा १ ओहमला चालतो असं त्याच्यावर स्पष्ट लिहिलंय.

काहीजण एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडतात. अ‍ॅम्पला ४ ओहम दिसतो हे खरं, पण सबची सहनशक्ती निम्म्यावर येते आणि त्याचा आवाजही बिघडतो. मी ते करत नाही.

दारांच्या स्पीकरचाही ओहम असाच मोजून घ्या. कोअ‍ॅक्सिअलमध्ये (वूफर आणि ट्वीटर एकाच सांगाड्यात) किंवा कंपोनंट सेटच्या (दोन्ही वेगळे) क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या स्पीकरच्या, वाटेत कपॅसिटर असतो. त्यातून डीसी जात नाही, म्हणून मीटरवर फक्त वूफर दिसतो. तीन-साडेतीन आला म्हणजे ठीक. एका चॅनलला पुढचा आणि मागचा असे ४ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल असतील तर २ ओहम होतात; स्वतंत्र चॅनलवर ते बहुधा चालतं, ब्रिज केलेल्यावर नाही.

मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे सर्किट उघडं असेल, तर कॉइल तुटली आहे किंवा वायर निघाली आहे. आकडा शून्याच्या जवळ असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे.

वायर सोडवलेल्याच आहेत, तर आणखी दोन गोष्टी

मीटरची एक काडी स्पीकरच्या वायरला आणि दुसरी गाडीच्या बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा. प्रत्येक वायर अशी तपासा. काहीही जोड दिसता कामा नये. दिसला तर दाराच्या बिजागरापाशी किंवा सीटच्या पट्टीखाली वायरचं आवरण कापलं गेलंय. अ‍ॅम्पच्या ब्रिज केलेल्या टर्मिनलना, आणि डेकच्या स्वतःच्या स्पीकर आउटपुटनाही, बॉडीला टेकलेला मायनस अजिबात सहन होत नाही.

दुसरं, सगळे स्पीकर सोडवलेले ठेवून बॅटरी जोडा आणि अ‍ॅम्प चालू करा. तरीही लाल दिवा लागला तर आरसीए केबलही काढून बघा. अ‍ॅम्पला फक्त प्लस, अर्थ आणि रिमोट वायर (डेकवरून अ‍ॅम्प चालू करणारी) जोडलेली आहे, टर्मिनलवर १२ व्होल्टच्या वर वीज येतेय आणि तरीही प्रोटेक्ट जात नाही, तर दोष अ‍ॅम्पच्या आत आहे. तो उघडायच्या फंदात पडू नका, दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. दिवा हिरवा राहिला तर स्पीकर एकेक करून परत जोडा. ज्याला जोडल्यावर लाल होतो, दोष त्याच्या बाजूला.

गेन व्होल्टमध्ये लावा, कानाने नाही

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. डेकमधून येणारा सिग्नल, कुठे २ व्होल्ट तर कुठे ४, अ‍ॅम्पच्या मर्यादेशी जुळवायला तो असतो. जास्त फिरवला की अ‍ॅम्प आपल्या मर्यादेला जाऊन लाटेचे माथे सपाट करतो. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत, माथा तेवढाच असला तरी, साध्या लाटेच्या दुप्पट ताकद असते. ती सगळी कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते. "कमी वॅटच्या अ‍ॅम्पने स्पीकर जळतो" असं म्हणतात त्यामागचं खरं कारण हेच. कमी वॅटने काही जळत नाही, मर्यादेबाहेर ताणलेल्या अ‍ॅम्पने जळतं.

किती व्होल्ट हवेत ते काढायला वॅट आणि ओहमचा गुणाकार करा आणि त्याचं वर्गमूळ घ्या. वॅट म्हणजे अ‍ॅम्पचं आरएमएस किंवा सबचं आरएमएस यातलं जे कमी असेल ते; ओहम म्हणजे जोडणीचा लेबलावरून येणारा ओहम. ३०० वॅट आणि ४ ओहमला १२०० चं वर्गमूळ ३४.६ व्होल्ट. ३०० वॅट आणि २ ओहमला २४.५. दाराच्या ७५ वॅट, ४ ओहमच्या चॅनलला १७.३.

स्पीकर सोडवलेले, इंजिन चालू, इक्वलायझर सपाट, बूस्ट बंद, गेन पूर्ण कमी. डेकचा आवाज तीन-चतुर्थांशावर. ५० हर्ट्‌झचा ० डेसिबलचा टोन (चाचणीसाठीचा सलग सूर) लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर धरा आणि आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा. आला की थांबा.

दारांच्या चॅनलसाठी एक बारकावा आहे. सर्वसाधारणपणे १ किलोहर्ट्‌झचा टोन वापरा असं सांगितलं जातं, पण साध्या मल्टिमीटरची एसी रेंज घरगुती विजेच्या ५०-६० हर्ट्‌झसाठी बनवलेली असते आणि १ किलोहर्ट्‌झला बरेच मीटर कमी आकडा दाखवतात. तुम्ही गेन वाढवत बसाल. त्यापेक्षा स्पीकर सुटलेले असताना हाय-पास थोडा वेळ बंद करून ५० हर्ट्‌झलाच मोजा. मोजून झालं की हाय-पास पुन्हा चालू करा आणि मगच स्पीकर जोडा.

यानंतर डेकचा आवाज त्या तीन-चतुर्थांशाच्या खुणेच्या वर न्यायचा नाही.

बेस पोकळ असेल तर सेल हातात घ्या

सब अ‍ॅम्पपासून सोडवा. दीड व्होल्टच्या सेलचा प्लस कॉइलच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर यायला हवा. दोन सब असतील तर दोन्ही एकाच दिशेने हलायला हवेत, नाहीतर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि बेस एकमेकांत मरतो.

डबल कॉइलमध्ये हीच चूक जास्त घातक आहे. एकाच सबच्या दोन कॉइलपैकी एक उलटी जोडली गेली तर ओहम अगदी बरोबर दिसतो. पण दोन्ही कॉइल एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, कोन हलत नाही, आवाज येत नाही म्हणून माणूस गेन वाढवतो, आणि कॉइल जळतात. म्हणून दोन्ही कॉइलमधली जोडणी सोडून प्रत्येक कॉइल सेलने वेगळी तपासा. ओहम जुळला म्हणून ही पायरी गाळू नका.

वीजपुरवठा

ओहम बरोबर, गेन बरोबर, तरी अ‍ॅम्प बंद पडतोय किंवा दिवे मंदावताहेत, तर आता केबल. इंजिन चालू ठेवून बेस असलेलं गाणं नेहमीच्या मोठ्या आवाजात लावा. सब जोडलेला असताना सलग टोन लावून ठेवू नका, कॉइल तापते. गाडी मोकळ्या हवेत असू द्या. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर मोजा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असायला हवं. अ‍ॅम्पवर त्यापेक्षा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर वीज वाटेत कुठेतरी हरवतेय.

कुठे ते शोधायला मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला लावा, तसंच गाणं चालू असताना. इथे व्होल्टचा एक-दोन दशांश ठीक, त्याहून बराच जास्त असेल तर अर्थ खराब. अर्थ ओहमने मोजू नका. एवढा छोटा रोध साध्या मीटरला दिसतच नाही, आणि करंट नसताना प्रत्येक अर्थ चांगलाच वाटतो. अर्थची वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको, जाडी प्लसच्या केबलएवढीच हवी, आणि बोल्टखालचा रंग घासून लख्ख लोखंड दिसायला हवं. सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नका. तो जीव वाचवायला आहे.

प्लसच्या बाजूचा हिशेब असा. ५०० वॅटचा क्लास डी अ‍ॅम्प सुमारे ४५ अ‍ॅम्पिअर ओढतो. पाच मीटर तांब्याच्या ८ गेज (गेजचा आकडा लहान तितकी केबल जाड) केबलमध्ये त्यामुळे जवळजवळ अर्धा व्होल्ट जातो, ४ गेजमध्ये ०.२ पेक्षा कमी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल असेल तर घट दीडपटीहून अधिक. तिचं टोक खरवडून बघा. आत पांढरट धातू दिसला तर एक-दोन गेज जाड घ्यावी लागेल. मेन फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा आणि केबलला झेपेल एवढाच हवा. तो केबलला आग लागू नये म्हणून असतो. सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणं ही या सगळ्या कामातली सर्वांत धोकादायक गोष्ट आहे.

मोठा कपॅसिटर लावा असं सुचवलं जातं. तो क्षणभराचा ठोका सावरतो, पण बारीक केबलला किंवा खराब अर्थला त्याने उपाय होत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मेन फ्यूज दुसऱ्यांदा उडाला. केबल किंवा फ्यूजचं घर हाताला गरम लागतंय, वितळल्याची खूण आहे. गाणं बंद असताना अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्ट दिसतंय: काही मिलिव्होल्ट चालतात, पण व्होल्टात आकडा आला किंवा अ‍ॅम्प चालू करताच कोन एका बाजूला ढकलला जाऊन तिथेच राहिला, तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहेत आणि सब जोडलेला ठेवला तर तोही जळेल. कोन हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी समान दाबून आत नेल्यावर खरखर लागते, तर कॉइल भाजली आहे; ती पुन्हा बसवणं हे कसबी माणसाचं काम.

इंजिन चालू असताना बॅटरीवरच १३ व्होल्टच्या खाली येत असेल, तर अल्टरनेटर, बॅटरी आणि त्यांच्यामधल्या मूळ केबल ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. नव्या गाड्यांमध्ये अल्टरनेटरचा व्होल्ट संगणक ठरवतो आणि तो मुद्दाम खाली आणलेला असू शकतो, तिथे अंदाजाने काही बदलू नका. पिवळ्या वेष्टणातल्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांच्यावर मीटर लावू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल म्हणजे जीवघेणा व्होल्ट. अशा गाडीत सबचा ओहम आणि गेन तुम्ही मोजू शकता, पण पुरवठ्याच्या बाजूला हात घालायचा नाही.

जाणकाराकडे जाताना तो कागद बरोबर घ्या: अ‍ॅम्पचा किमान ओहम, ब्रिजचा किमान ओहम, वायरच्या टोकाला मोजलेला ओहम, गेन लावलेले व्होल्ट, बॅटरीवरचे आणि अ‍ॅम्पवरचे व्होल्ट. हे पाच-सहा आकडे बघून तो नेमकं कुठे बघायचं ते लगेच ठरवू शकतो, आणि न बघता "अ‍ॅम्प बदला" म्हणाला तर दुसरा जाणकार शोधा.